दिव्यांची वायर

देवाने सगळी नाती घडवून झाल्यावर उरल्यासुरल्या मातीतून साडूंचं नातं केलं असावं. दोन बहिणींचे नवरे. एकत्र वाढलेले नाहीत, एका ताटात जेवलेले नाहीत, एकमेकांना निवडलेलं तर मुळीच नाही. सासुरवाडीच्या तराजूत मात्र जन्मभर समोरासमोर बसलेले. एकाचं पारडं वर गेलं की दुसऱ्याचं आपोआप खाली. त्यात पुन्हा एका साडूने दुसऱ्याच्या घरी राहायला जायची वेळ आली, तर बोलायलाच नको.

आपले धाकटे तसे गेले होते. ते एका बांधकाम कंपनीच्या कचेरीत आराखडे काढायचे. लोकांचे जिने, लोकांच्या मोऱ्या, लोकांच्या गच्च्या. कंपनी बसली, घरमालकाने खोली मोकळी करायला सांगितली, आणि थोरल्या साडूंनी वरच्या मजल्यावरची अडगळीची खोली रिकामी करून दिली. "तात्पुरते या," असं थोरले म्हणाले. "तात्पुरतेच येतो," असं धाकटे म्हणाले. ताईने, म्हणजे थोरल्यांच्या बायकोने, आपल्या धाकट्या बहिणीसाठी स्वतःच्या हाताने खिडकीला पडदा शिवला आणि म्हणाली, "तात्पुरता आहे, नंतर चांगला लावू." त्या घरात तो शब्द जिन्यावरच्या पायपुसण्यासारखा झाला होता. येता-जाता प्रत्येकाचा पाय त्यावर पडायचा.

थोरल्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. चांगलं चालायचं. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. गिऱ्हाइकाशी गोड, बायकोशी बरा, भिकाऱ्याला कधी रिकाम्या हाताने परत न पाठवणारा. पण उपकार केला की तो रोज उन्हात घालून वाळवायचा, ही खोड.

"घे रे साडूभाऊ, अजून घे," जेवताना म्हणायचे. "लाजू नकोस. घर तुझंच आहे. म्हणजे माझंच आहे, पण तुझंच समज."

धाकटे हसायचे. त्यांची बायको पानाकडे बघत राहायची.

येताना धाकट्यांनी कपड्यांच्या बॅगा, भांड्यांचं खोकं आणि आपला कॉम्प्युटर एवढंच आणलं होतं. टेम्पोने एक खड्डा असा घेतला, की कॉम्प्युटरचं खोकं उताणं पडलं आणि आतला मदरबोर्ड मधोमध तडकला. बाकी सगळे भाग ठणठणीत, पण ज्याच्यावर ते बसायचे तो पाटच फुटलेला. धाकट्यांनी झाकण उघडून पाहिलं, पुन्हा लावलं, आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

कारण त्या मशीनमध्ये विहिरी होत्या.

दिवसभर लोकांचे जिने काढून आल्यावर हा माणूस संध्याकाळी स्वतःसाठी एक खेळ बनवायचा. कित्येक वर्षं. उतारावरचं एक ओसाड गाव, सगळी दारं बंद, सगळ्या विहिरी बुजलेल्या. खेळणाऱ्याने एकेका विहिरीत उतरायचं, गाळ उपसायचा, आत दडलेल्या वाटा शोधायच्या. एका विहिरीला पाणी लागलं की वर गावातलं एक दार उघडायचं. इतकंच. कुणाला मारायचं नाही, कुणापासून पळायचं नाही. विहिरीचा दगडन् दगड त्यांनी हाताने काढलेला. पाणी लागल्याचा आवाज तर बायकोच्या बांगड्या आणि तांब्या घेऊन मोरीत बसून टिपलेला. कामाची एक डिस्क आणि तिची प्रत असलेली दुसरी डिस्क, दोन्ही त्याच मशीनमध्ये. कचेरीच्या सर्व्हरवर तिसरी प्रत होती, ती कचेरीबरोबर गेली.

आणि आता, नेमकं आता, खेळ काढणाऱ्या एका कंपनीने त्यातली चित्रं पाहून कळवलं होतं, की अख्खा खेळ दाखवायला घेऊन या. पसंत पडला तर खेळही घेऊ आणि तुम्हालाही घेऊ. शेवटची विहीर तेवढी उपसायची राहिली होती. त्या खोलीतून, त्या जेवणातून, 'अजून घे'मधून बाहेर पडायची ती एकच वाट होती, आणि नवरा-बायको दोघांनाही ते पक्कं ठाऊक होतं.

मग एका संध्याकाळी थोरले दुकानातून आले ते नवं खूळ घेऊनच. कुणा गिऱ्हाइकाच्या घरी त्यांनी खेळायचा कॉम्प्युटर पाहिला होता. काचेची पेटी, आत रंगीत दिवे, पडद्यावर धडाधड गोळ्या.

"तसला मला पाहिजे," चहाचा कप ठेवत ते म्हणाले. "त्याच्यापेक्षा भारी. साडूभाऊ, तू इतकी वर्षं तेच करत बसलास ना? सांग काय काय लागतं."

धाकट्यांच्या पोटात आशा हलली. त्यांनी फार जपून शब्द टाकला. माझं ग्राफिक्स कार्ड चांगलं आहे, रॅम चांगली आहे, सगळ्या भागांना वीज पुरवणारा पॉवर सप्लाय तर उत्तमच आहे, हे सगळं वापरू. तुम्ही प्रोसेसर, मदरबोर्ड, कॅबिनेट तेवढं घ्या. मशीन तुमचं. दिवसा तुम्ही दुकानात असता तेव्हा मी माझं काम करीन, संध्याकाळपासून तुम्ही खेळा.

"डन," थोरले म्हणाले. "बघ, उगाच तुला रिकामटेकडा म्हणतात लोक."

लोक म्हणजे कोण, ते कुणी विचारलं नाही.

पुढचा आठवडा जेवणाच्या टेबलावर भागांची निवड चालली. धाकटे त्यात जीव ओतत होते. प्रोसेसर दांडगा आणि कार्ड अशक्त असेल तर एक दुसऱ्याची वाट बघत बसतो. मदरबोर्डची बैठक वेगळी असेल तर प्रोसेसर त्यावर बसतच नाही. कूलर उंच घेतला तर कॅबिनेटची काच लागत नाही. एकाला दुसरं झेपलं पाहिजे, असं ते पुन्हा पुन्हा सांगायचे.

"अरे, तू मशीन जुळवतोयस की लग्न?"

"जुळवावंच लागतं, दादा. नाही तर एकामुळे दुसरा फुकट जातो."

थोरल्यांनी मान वळवून मेहुणीकडे पाहिलं. "तुमच्या वेळी एवढं कुणी पाहिलं नाही वाटतं."

ताई म्हणाली, "अहो, पुरे." पण म्हणताना तिला थोडं हसू आलंच. धाकट्यांची बायको पाणी आणायला उठली. टेबलावरचा पाण्याचा जग भरलेला होता.

दुकानात तर थोरल्यांनी कहरच केला. काउंटरवरच्या माणसाला ओळख करून दिली, "हे आमचे साडू. सध्या घरीच असतात, म्हणून सल्लागार नेमलेत." धाकट्यांनी सांगितलेला प्रोसेसर घेतला, मदरबोर्ड घेतला, त्यावरच बसणारी नव्या तऱ्हेची चिमुकली डिस्क घेतली. कॅबिनेटपाशी मात्र गाडी अडली. धाकटे हवा खेळती राहील असं जाळीचं दाखवत होते. थोरल्यांचं बोट तिन्ही बाजूंनी काच असलेल्या पांढऱ्या पेटीवर होतं. दिव्यांचे पंखे घेतले, दिव्यांच्या पट्ट्या घेतल्या, आणि एवढं सगळं पांढरं म्हणून पॉवर सप्लायही पांढरा घेतला.

"दादा, माझा आहे ना चांगला. तो काही दिसणारसुद्धा नाही, खाली झाकणात असतो."

"तुझा काळा आहे." थोरल्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "साडूभाऊ, मी आयुष्यभर काच विकली. लोक भिंग बघत नाहीत, फ्रेम बघतात. तू जन्मभर भिंग घासत बसलास, म्हणून इथे आहेस."

दुकानदार बिलाच्या मशीनकडे बघून हसला.

त्या संध्याकाळी धाकट्यांनी वरच्या खोलीत आपलं जुनं मशीन उलगडलं. बायको शेजारी बसून स्क्रू वाटीत घेत होती. कार्ड निघालं, रॅम निघाली, दोन्ही डिस्का निघाल्या. जिवंत माणसाचे दागिने उतरवावेत तसं ते दिसत होतं. शेवटी काळ्या पॉवर सप्लायमधून त्यांनी वायरी उपटल्या. गोफासारख्या विणलेल्या, काळ्या-लाल, देखण्या. कधी काळी हौसेने घेतलेल्या.

"ह्या तेवढ्या वेगळ्या ठेव," ते बायकोला म्हणाले. "ह्या सप्लायच्या ह्याच वायरी. दुसऱ्या कुठल्या सप्लायला लावायच्या नाहीत."

"का, बसत नाहीत?"

"बसतात. तीच तर पंचाईत आहे. खटकन बसतात. पण कुठल्या टोकातून किती वीज सोडायची ते प्रत्येक कंपनीचं आपापलं. बाहेरून सगळं सारखं, आत उलटंपालटं. वायरीच्या दुसऱ्या टोकाला जे असेल ते क्षणात जळतं."

"मग बसेल असं करतात कशाला?"

"मला काय माहीत? देवाला विचार."

बायको हसली. कितीतरी दिवसांनी हसली. तिने आपल्या वेणीची निळी फीत सोडली, वायरींची जुडी केली आणि तिला घट्ट बांधली. म्हणाली, "झालं. आता कुणी हात लावणार नाही."

सगळे भाग, त्यांच्याबरोबर ती जुडीही, खाली गेले आणि मग थोरल्यांनी आपल्या फ्रेमआडचं भिंग दाखवलं. सकाळी पेपर वाचता वाचता, डोकं वर न काढता.

"ते मशीन माझ्या खोलीत राहील. आणि दिवसाबिवसाचं काही नको. मी नसताना माझ्या खोलीत उठबस नको वाटते मला. गरम होतं, बिघडतं. शिवाय तुलाच सवय लागेल."

"दादा, आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं ते मशीन जुळवायचं. ते तू छान केलंस." पेपरचं पान उलटलं. "आता नोकरी जुळव. विहिरी खणून कुणाचं पोट भरलंय? आणि खोट्या विहिरी."

ताईने नवऱ्याकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, आणि शेगडीवर दूध नसतानाही ते बघायला आत गेली.

धाकट्यांनी कार्ड मागितलं नाही, रॅम मागितली नाही. मागून काय होणार? छप्पर त्यांचं. एवढंच म्हणाले, "माझ्या डिस्का तेवढ्या द्या."

"कपाटात खालच्या खणात आहेत. घेऊन जा केव्हाही. कुणी खात नाही."

डिस्का खरंच तिथे होत्या, जुन्या चष्म्यांच्या फ्रेमांमध्ये. तडा गेलेल्या, दांडी मोडलेल्या फ्रेमा, आणि त्यांच्यात ते गाव. धाकट्यांनी बघून खण लावून घेतला. जुन्या कचेरीतला एक सोबती दोन दिवसांनी गावाला जाणार होता. त्याने आपलं मशीन आठवडाभर वापरायला देतो म्हणून सांगितलं होतं. त्याच्याकडे जाताना घेऊ, तोवर वरच्या खोलीच्या ओलीपेक्षा कपाट बरं, असा त्यांनी विचार केला. आशा अजून होती. तळहाताएवढ्या दोन डब्यांत होती, पण होती.

रविवारी सकाळी थोरल्यांनी शेजारच्या दुकानांतले आपले मित्र बोलावले. मशीन स्वतःच्या हाताने जोडायचं होतं, आणि जोडताना बघायला माणसं हवी होती. काल संध्याकाळपासून खोलीचं दार लावून त्यांनी बरंचसं काम उरकलंही होतं. आता काचेच्या बाजूचं तेवढं राहिलं होतं, जे लोकांना दिसतं.

"साडूभाऊ, खाली ये रे. बॅटरी धर."

धाकटे गेले. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात स्क्रूंची वाटी. मित्र सोफ्यावर रेलले होते. त्यांतला कापडवाला म्हणाला, "हेच का ते खेळ बनवणारे?"

"हेच. बनवतायत. आमच्या लग्नापासून बनवतायत."

हशा झाला. धाकट्यांच्या हातातला उजेड जरा हलला. "अरे, नीट धर," थोरले म्हणाले, "तेवढं एकच काम दिलंय तुला."

मग थोरल्यांनी दिव्यांची डबी काढली. पंख्यांच्या आणि पट्ट्यांच्या सगळ्या तारा त्या डबीत येत होत्या, आणि डबीला वीज द्यायची होती. नव्या सप्लायबरोबर आलेली वायर त्यांनी उचलली, तोंड वाकडं केलं. "चपटी आहे, करवतीच्या पात्यासारखी. काचेतून हीच दिसायची." असं म्हणून त्यांनी टेबलाखालून एक जुडी ओढली. काळी-लाल, निळ्या फितीने बांधलेली. फीत त्यांनी सोडली, जमिनीवर टाकली, आणि एक देखणी वायर निवडली.

धाकटे पुढे वाकले. "दादा, ती वायर..."

"तू बॅटरी धर. तोंड नाही मागितलं."

पुन्हा हशा. कापडवाल्याला तर ठसका लागला. थोरल्यांनी वायरीचं एक टोक पांढऱ्या सप्लायमध्ये दाबलं. खटकन बसलं.

आता इथे जरा थांबू या. कारण माणूस घसरतो ते याच पायरीवर, आणि घसरताना त्याला वाटतं आपण उभे आहोत. धाकटे गप्प झाले, ते अपमानाने. पण त्यांचं डोकं गप्प नव्हतं, ते भराभर चाललं होतं. ही वायर जाते कुठे? दिव्यांच्या डबीला. बाकी प्रोसेसरला, कार्डाला नव्याच वायरी आहेत, मघाशीच पाहिल्या. नवी डिस्क मदरबोर्डवर आहे, तिला वायर लागतच नाही. म्हणजे जळतील ते फक्त दिवे. दादांच्या फ्रेमचे दिवे, ज्यांच्यासाठी सगळा थाट मांडला ते. मित्रांसमोर, बटण दाबताक्षणी. मशीनला काही होणार नाही, कुणाला इजा नाही, आग नाही. एक फुस्स आणि थोरल्यांचं उतरलेलं तोंड, एवढंच. पाप करताना माणूस किती नेमका हिशेब मांडतो पाहा. देवाचं नाव घेताना मात्र कधी एवढं लक्ष लागत नाही.

वायरीला एकापुढे एक अशी बरीच तोंडं होती. पहिलं तोंड थोरल्यांनी डबीला लावलं. उरलेली वायर त्यांनी पेटीतल्या भोकातून मागच्या अंगाला ढकलली, आणि त्याच भोकातून हात मागे घालून थोडं चाचपडले. उरलेलं खोचून ठेवतायत, असं धाकट्यांना वाटलं. मागची पत्र्याची बाजू भिंतीकडे होती.

थोरले उठले, हात झटकले. आणि बघा, देवाने त्या माणसाला आणखी एक संधी दिली. एवढी सरळ संधी, की तिला पायरी म्हणा, दार म्हणा. थोरल्यांनी स्वतः विचारलं. चेष्टेनेच, पण विचारलं.

"काय तज्ज्ञ? सगळं बरोबर ना? का काही चुकलं आमचं?"

सगळ्यांची तोंडं धाकट्यांकडे वळली. सगळ्यांच्या ओठांवर पुढचं हसू तयार होतं.

"बरोबर आहे," धाकटे म्हणाले. "अगदी बरोबर."

थोरल्यांनी बटण दाबलं.

दिवे एकदाच लखकन पेटले, अगदी पांढरे, आणि गेले. चटका बसलेल्या मांजरासारखा एक आवाज आला. मग वास. जळक्या प्लास्टिकचा, घशाला लागणारा. थोरल्यांनी झडप घालून भिंतीवरचं बटण बंद केलं. त्यांचं तोंड धाकट्यांना हवं होतं अगदी तसं झालं होतं. आ वासलेलं, उतरलेलं, मित्रांकडे बघायला धजत नसलेलं. धाकट्यांच्या छातीत काहीतरी गोड पसरलं. खरं ते सांगतो, गोडच होतं.

मग त्यांच्या लक्षात आलं की धूर डबीपाशी थोडा आहे. जास्त धूर मागून येतोय, भिंतीकडच्या बाजूने.

एवढ्यात ताई चहाचा ट्रे घेऊन आली. तिच्या मागे धाकट्यांची बायको, बशा घेऊन. ताईचा चेहरा फुललेला होता. वास तिला अजून आला नव्हता, किंवा नव्या वस्तूचा वास असाच असतो असं तिला वाटलं असेल.

"लागला का? दिसला का खेळ?" तिने धाकट्यांकडे बघून विचारलं. "मीच म्हटलं यांना, पहिला तुमचाच लावा म्हणून. काल मागेच लागले त्यांच्या."

"कुठला खेळ?" धाकटे म्हणाले.

थोरल्यांना तेवढीच बोलायला वाट मिळाली. "अरे, तुझ्या विहिरी. ही म्हणाली, पहिल्यांदा त्यांचंच काहीतरी दिसू दे. मी म्हटलं चला, पाहुण्यांना तेवढीच करमणूक, साडूभाऊंच्या विहिरींना पाणी आहे का बघू. म्हणून काल बसवल्या मागे तुझ्या त्या डिस्का. दोन्ही बसवल्या, कुठल्या डब्यात काय आहे मला कुठे माहीत?"

म्हणजे हसायलाच बसवल्या होत्या. की बायकोचं मन राखायला? की त्या माणसाला खरोखरच, कुठेतरी आत, थोडी लाज वाटली होती? त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. आणि आता विचारून उपयोगही नव्हता.

धाकट्यांनी वाटी खाली ठेवली. पेटी फिरवली. मागच्या पत्र्याचे स्क्रू त्यांच्या बोटांनी काढले, पण ती बोटं त्यांची वाटत नव्हती. पत्रा निघाला. काळी-लाल वायर भोकातून आत आली होती, आणि तिच्या पुढच्या तोंडाला एक डिस्क, त्याच्या पुढच्या तोंडाला दुसरी. शेजारी शेजारी, नीट बसवलेल्या. थोरल्यांचा हात तसा सफाईचा होता, बारीक स्क्रूंची सवय होती. दोन्हींच्या कडेला तपकिरी डाग उमटला होता आणि एकीतून अजून धुराची रेघ निघत होती. विहिरीतून कुणी बिडी ओढत बसावं तशी.

"गेलं की काय?" कापडवाल्याने विचारलं.

ताईच्या हातातला ट्रे तसाच होता.

"आता मला काय ठाऊक," थोरल्यांचा आवाज चढला, कारण त्यांना भीती वाटली होती. "वायर बसली म्हणून लावली. आणि मी विचारलं होतं. तुम्ही सगळे होतात. मी याला विचारलं, सगळं बरोबर ना? हा म्हणाला, अगदी बरोबर." ते धाकट्यांकडे वळले. "म्हणजे तुलाही माहीत नव्हतं. हो ना?"

माहीत होतं म्हणावं, तर स्वतःच्या हाताने घर जाळलं असं सगळ्यांसमोर कबूल करायचं. माहीत नव्हतं म्हणावं, तर इतकी वर्षं ज्या एका गोष्टीत आपल्याला कळतं असं वाटत होतं, तीही गेली.

"नव्हतं माहीत," धाकटे म्हणाले.

थोरल्यांनी मोठा श्वास सोडला. मग त्यांचा चेहरा हळूहळू जागेवर आला, पारडं जसं वर येतं तसा. "बघा," ते मित्रांना म्हणाले, "आणि मी याच्या सल्ल्यावर सगळं घेतलं." मग धाकट्यांच्या पाठीवर हात फिरवून, अगदी मायेने, "जाऊ दे रे. तुला माहीत असतं तर तू सांगितलंच असतंस. तेवढा विश्वास आहे माझा तुझ्यावर."

दारात धाकट्यांची बायको उभी होती. बशा तिने कुठे ठेवल्या होत्या कुणास ठाऊक. खाली वाकून तिने जमिनीवरची निळी फीत उचलली. एक टोक बोटाभोवती गुंडाळलं. मग ती वायरीकडे बघत राहिली, पांढऱ्या सप्लायमध्ये बसलेल्या टोकाकडे. मग नवऱ्याकडे. ताईने ट्रे ठेवून तोंडाला पदर लावला आणि "माझ्यामुळे झालं गं, मीच मागे लागले," असं म्हणत रडायला लागली. बहिणीने तिला जवळ घेतलं. थोपटत राहिली. थोपटताना तिची नजर नवऱ्यावरून हलली नाही.

धाकटे डिस्का घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने भिंगाखाली धरून पाहिल्या आणि परत दिल्या. आतली चिपच फुटलीय, म्हणाला, दोन्हींची. एवढी वीज द्यायची असते का हिला? कुणी लावली वायर? धाकट्यांनी डिस्का खिशात घातल्या.

ते घरी आले तेव्हा खालच्या खोलीतून धडाधड आवाज येत होते. मशीन चालू झालं होतं. बिघडायचं कारणच नव्हतं, हिशेब धाकट्यांचा अगदी बरोबर होता: ती एक वायर काढली आणि बाकी सगळं सुरळीत लागलं. प्रोसेसरला कार्ड झेपत होतं, कार्डाला सप्लाय झेपत होता. पडद्यावर माणसं पळत होती, पडत होती. दिवे तेवढे नव्हते. ते उद्या येतील, थोरले म्हणाले, दुकानदार बदलून देणार आहे. "मस्त पळतंय, साडूभाऊ. निवड चांगली केलीस हां."

वर बायको पलंगावर बसून वेणी घालत होती. धाकट्यांनी दोन्ही डिस्का खिडकीत ठेवल्या, त्या तात्पुरत्या पडद्याखाली.

"बसतात, पण लावायच्या नाहीत," ती म्हणाली. "तुम्हीच सांगितलं होतंत."

धाकटे उभेच होते. खालून एक मोठा स्फोट ऐकू आला आणि थोरल्यांचं खूश झालेलं हसणं.

"फक्त दिवे जाणार होते," ते म्हणाले.

तिने मान हलवली. कळलं, अशी. रागावली असती तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाकडे जाता येतं. तिने निळी फीत वेणीच्या टोकाला बांधली, गाठ ओढून पाहिली आणि उठली.

"ताईचे कप पडलेत अजून," ती म्हणाली. "विसळून येते. आणि उद्यापासून सकाळचा स्वयंपाक मी करते म्हणून सांगणार आहे तिला. आता राहायचंच आहे, तर उगाच पाहुण्यांसारखं काय वागायचं?"

ती जिना उतरून गेली. त्या दिवसानंतर त्या घरात 'तात्पुरते' हा शब्द पुन्हा कुणी उच्चारला नाही.